बाबांच्या खुणा

१

लग्न होऊन ती या शहरात आली तेव्हा तिला इथला एकच रस्ता धड ठाऊक होता, घरापासून दुकानापर्यंतचा. आणि काम तर असं, की रोज नव्या पत्त्यावर जायचं. पडद्यांच्या एका मोठ्या दुकानासाठी ती लोकांच्या खिडक्या मोजायची.

खिडक्या मोजणाऱ्या माणसाला घरातलं बरंच काही दिसतं. दिवाणखान्यासाठी सगळ्यात भारी कापड निवडणारी माणसं म्हाताऱ्या आईच्या खोलीपाशी आली की "इथे काय, काहीही चालेल" म्हणतात. नवरा-बायकोंचं रात्री भांडण झालेलं असतं आणि सकाळी रंगावरून ते नव्याने सुरू होतं. ती मधे पडायची नाही. टेप लावायची, आकडे टिपायची आणि "पडदा जमिनीला टेकलेला हवा की थोडा वर?" एवढंच विचारायची. लग्न जमवताना तिच्या मावशीने "अगदी नाकासमोर चालणारी मुलगी आहे" असं प्रशस्तिपत्र दिलं होतं. सासूबाई तिच्या गाडीत पहिल्यांदा बसल्या तेव्हा म्हणाल्या, "मावशी खोटं नव्हती बोलली. नाकासमोरच चालते. आजूबाजूला म्हणून बघत नाही."

गाडी सासऱ्यांची होती. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं एका बेकरीची गाडी चालवण्यात घालवली होती. शहर जागं व्हायच्या आत ते दुकानादुकानांत पाव पोहोचवायचे. आता बेकरीही नव्हती आणि नोकरीही नव्हती, पण रस्ते मात्र डोक्यात जसेच्या तसे होते. सून नवी, शहर नवं, म्हणून ते आपण होऊन तिच्या शेजारी बसायला लागले. "चला ड्रायव्हर," असं म्हणत पट्टा लावायचे. ती ग्राहकाकडे वर गेली की खाली गाडीत पेपर वाचत बसायचे.

अडचण एकच होती. बाबांच्या रस्त्यांवरच्या निम्म्या खुणा कधीच्या नाहीशा झाल्या होत्या.

"पुढे दातांच्या डॉक्टरची पाटी लागेल. तिथून डावीकडे घे."

"कुठाय पाटी, बाबा?"

"पाटी काढली गं. डॉक्टरच राहिला नाही, पाटी कशाला ठेवतील?"

"मग मी ओळखू कसं?"

"मी सांगतोय ना. पाटी गेली, वळण कुठे गेलंय?"

फोनमध्ये नकाशा होता. त्यातली बाई शांत, गोड आवाजात "दोनशे मीटरनंतर उजवीकडे वळा" म्हणायची. बाबा तिला 'शहाणी' म्हणत. शहाणीने एक सांगितलं की बाबा दुसरं सांगत, आणि दोघांच्या मधे बसलेली सून स्टिअरिंग घट्ट धरून सिग्नल लाल व्हायची वाट बघत असे.

"शहाणीला विचार, साबणाच्या कारखान्यामागचा रस्ता माहितेय का तिला."

"कारखाना आहे का अजून?"

"नाही. पण वास येतो बघ पावसाळी हवेत."

तिला हसू यायचं. तिला ते आवडायचेही. पण उशीर झाला की दुकानाच्या मालकीणबाई बोलत, आणि त्या बोलायला लागल्या की दुकानातलं कापडसुद्धा आक्रसायचं.

२

त्या दिवशी सकाळपासून सगळं मागे पडत गेलं होतं. ज्या ग्राहकाकडे जायचं होतं त्याने मागच्या वेळी दुकानात येऊन आरडाओरडा केला होता. मालकीणबाईंनी बजावलं होतं, "आज वेळ चुकली तर तूच निस्तर."

एका चौकात बाबा म्हणाले, "डावीकडे घे."

बाई म्हणाली, "सरळ जा."

"डावीकडे, डावीकडे! सरळ गेलीस तर खूप लांबचा फेरा पडेल."

तिने फक्त हात पुढे केला आणि फोनचा आवाज वाढवला. पूर्ण.

"सरळ जा," बाई गाडीभर म्हणाली.

बाबा हलकेच म्हणाले, "थांबव गाडी."

तिने थांबवली.

"मी उतरतो. तुम्हा दोघींत तिसरा कशाला?"

"असं काय हो बाबा, बसा ना," हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. तयार होतं. एक क्षण जरी मधे रिकामा मिळाला असता तरी ते बाहेर पडलं असतं. पण बाबा दार लावून खिडकीशी वाकले आणि म्हणाले, "ऐक तिचं. जा सरळ." त्यांचा आवाज रागावलेला नव्हता. रागावलेला असता तर बरं झालं असतं.

ती सरळ गेली. आरशात ते बराच वेळ दिसत राहिले, एक खांदा पडलेला, पावाचे ट्रे उचलून उचलून कायमचा खाली आलेला. रस्ता लांबलचक सरळ होता, त्यामुळे ते पटकन नाहीसेही झाले नाहीत. बारीक बारीक होत गेले.

खिडक्या मोजून परत आली तेव्हा ते तिथे नव्हते. बसने गेले असतील, तिने स्वतःला सांगितलं. घरी फोन करून विचारावंसं वाटलं. पण विचारलं असतं आणि ते पोहोचलेले नसते, तर? तिने पुढचा पत्ता लावला.

बाबा सापडले ते दिवस उतरताना, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. एका जुन्या ओळखीच्या दुकानदाराचा फोन आला. "तुमचे बाबा इथे समोरच्या बंद शटरकडे तोंड करून उभे आहेत. अगदी नाक टेकेल इतक्या जवळ. हाक मारली तर ओ देत नाहीत."

नवरा जाऊन त्यांना घेऊन आला. सासूबाईंनी तिला विचारलं, "तुझ्याबरोबर होते ना गं?"

"हो," ती म्हणाली. "मधेच त्यांना कोणीतरी ओळखीचं दिसलं. इथेच उतरतो म्हणाले."

"हा माणूस असाच," सासूबाई म्हणाल्या. "गप्पा मारायला कोणी मिळालं की स्वतःच्या लग्नातूनही उतरून गेला असता."

सगळे हसले, धास्तावलेली माणसं हसतात तसे. तीही हसली. खोटं किती सहज खपलं याचंच तिला नवल वाटलं.

३

बाबा त्या दिवसापासून बोलेनासे झाले.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. डोकं ठीक, घसा ठीक, हात-पाय ठीक. "मनाला धक्का बसला असेल. बोलतील हळूहळू. घाई करू नका." मग डॉक्टरांनी सहज विचारलं, "त्या दिवशी काही झालं होतं का?" सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. नाही.

बाबा जेवत होते, झोपत होते, दिलेला पेपर हातात धरत होते. पहिल्या दिवसांत खटकावं असं काही नव्हतं. एकच गोष्ट, आणि तीही इतकी बारीक, की लक्षात यायलाच वेळ लागला.

घरातल्या बोळकंडीच्या टोकाला दोन दारं होती, डावीकडे न्हाणीघर, उजवीकडे झोपायची खोली. बाबा तिथपर्यंत जात आणि थांबत. दोन्ही दारं बघत उभे राहत नसत. समोर, दोन दारांमधल्या कोऱ्या भिंतीकडे बघत उभे राहत.

"अहो, मी काही न्हाणीघर हलवलेलं नाहीये," सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "डावीकडेच आहे!"

बाबा डावीकडे वळले आणि आत गेले.

सासूबाई नुसत्या हसल्या. सून मात्र हातातला कप तसाच धरून उभी राहिली. वळताना बाबांची मान आधी वळली नव्हती. माणूस वळतो तेव्हा आधी नजर जाते, मग मान, मग पाय. बाबा सगळेच्या सगळे एकदम वळले होते, नकाशावरचा बाण वळतो तसे.

काहीतरीच, तिने मनाशी म्हटलं. दिवसभर तो बाण बघून डोळ्यांना सवय लागलीय.

आणि त्या विचाराच्या खाली दुसरा एक विचार होता, ज्याकडे ती पाहतच नव्हती. बाबा बोलत नाहीत हे बरं आहे. ते बोलले तर पहिल्यांदा काय बोलतील हे तिला ठाऊक होतं.

४

फोनमधली बाई काही दिवसांनी पहिल्यांदा तसं बोलली. भर दुपारी, ओळखीच्या रस्त्यावर.

"पुढे दातांच्या डॉक्टरच्या पाटीवरून डावीकडे वळा."

तिने ब्रेक दाबला. मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवत तिच्या सात पिढ्यांची आठवण काढली.

डावीकडे पाटी नव्हती. वळण होतं.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सहज म्हणून विचारलं. नवरा घरूनच काम करायचा, दिवसभर हेडफोन लावून कोणा-कोणाच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी ऐकायचा. अशा प्रश्नांची उत्तरं त्याच्या जिभेवर असत.

"अगं, आता खुणाही सांगतात त्यात. पेट्रोल पंप, शाळा, देऊळ. लोकच भरतात ती माहिती."

"पण ती पाटी तिथे नाहीये."

"मग कोणीतरी जुनं भरलं असेल. बाबांसारखं कोणीतरी!" तो हसला, आणि मग आतल्या खोलीकडे बघून त्याने हेडफोन पुन्हा कानाला लावला.

उत्तर बरोबर होतं. पटण्यासारखं होतं. तिने ते पटवून घेतलं. मग बाई साबणाच्या कारखान्यामागून न्यायला लागली. "जिथे लाल फाटक होतं तिथून आत." "पुलाच्या अलीकडे, पिठाची गिरणी होती त्या बोळातून." आवाज तोच, गोड आणि सपाट. कुठेही चूक नाही. उलट गर्दीचे चौक टळायला लागले. ती सगळीकडे वेळेआधी पोहोचायला लागली. मालकीणबाई चारचौघांत म्हणाल्या, "शिका जरा. नवीन मुलगी, पण शहर कसं तळहातावर आहे बघा."

तिने ती शाबासकी घेतली. मान खाली घालून, पण घेतली. घरी एक माणूस भिंतीसमोर उभा होता आणि त्याची वळणं ती बाहेर खर्च करत होती.

५

बाबा आता सांगितल्याशिवाय वळेनातच. सांगितल्याशिवाय थांबेनातही.

एकदा सासूबाई त्यांना "सरळ जा, मी आलेच," असं म्हणून दूध बघायला गेल्या आणि तिथेच रेंगाळल्या. सून कामावरून आली तेव्हा बाबा झोपायच्या खोलीत भिंतीला कपाळ टेकून उभे होते. पाय मात्र उभे नव्हते. एक टाच उचलली जायची, टेकायची, मग दुसरी. हळूहळू, न थकता. भिंतीच्या रंगावर कपाळाचा एक ओलसर गोल उठला होता.

"थांबा," ती कशीबशी म्हणाली.

टाचा थांबल्या.

पुढे पुढे ते फक्त तिचंच ऐकायला लागले. सासूबाईंनी घसा फोडून सांगितलं तरी हलत नसत, आणि तिने दुसऱ्या खोलीतून पुटपुटलं तरी वळत.

"जन्मभर माझं ऐकलं नाही," सासूबाई म्हणाल्या, "आणि आता ऐकतायत ते सुनेचं! काय जादू केलीस गं?" थट्टाच होती, पण बोलताना त्यांचे डोळे भरून आले. मग सुनेच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझ्यावर फार जीव आहे त्यांचा. रोज तुझ्याबरोबर फिरायचे ना."

तिने हात काढून घेतला नाही. तिला वाटलं, त्या हाताला चटका कसा बसत नाही.

मग घरात एक रीतच पडली. ती कामावर असली की नवरा फोन लावायचा आणि बाबांच्या कानाशी धरायचा. ती कोणाच्या तरी घरात स्टुलावर चढलेली, टेपचं एक टोक दातात. "बाबा, उठा. उजवीकडे वळा. सरळ. थांबा. बसा." मग फोन खिशात आणि पुन्हा खिडकी.

"कुत्र्याला शिकवताय का?" एका ग्राहक बाईंनी कौतुकाने विचारलं. "आमचा मेला अजिबात ऐकत नाही हो."

"हो ना," ती म्हणाली. तिने पुढची खिडकी मोजायला घेतली.

६

"हळू घ्या, ड्रायव्हर," फोनमधली बाई एका सकाळी म्हणाली.

तिने गाडी बाजूला घेतली. फोन बंद केला. नकाशा काढून टाकला, दुसरा घेतला, त्यात पुरुषाचा आवाज निवडला. काही दिवस तो आवाज मीटर मोजत राहिला आणि तिच्या जिवात जीव आला. मग तोही एका चौकात म्हणाला, "लाल फाटकापाशी," आणि किंचित थांबून, "ड्रायव्हर."

तिने लोकांना विचारत जायचा प्रयत्न केला. कोपऱ्यावर उभ्या असलेल्या एकाने तिच्याकडे करुणेने पाहिलं. "ताई, फोन आहे ना तुमच्याकडे? नकाशा लावा की."

कोणाला सांगावं? नवऱ्याला सांगायला बसलं तर सुरुवात कुठून करणार? सगळ्याची सुरुवात त्या चौकातून होत होती. आणि तिथे ती एक खोटं उभं करून आली होती. या घरात ती अजून नवी होती. तिला अजून साखरेचा डबा शोधावा लागायचा. "बाबांना मी रस्त्यात उतरवलं आणि निघून गेले" हे वाक्य बोलल्यावर ती कुठल्या खोलीत जाऊन बसणार होती?

एका सुट्टीच्या दुपारी सासूबाई आणि नवरा बाजारात गेले. ती बाबांच्या खोलीत गेली, त्यांच्यासमोर बसली.

"बाबा, चुकलं माझं."

ते वाट बघत राहिले. तिच्या वाक्यात दिशा नव्हती.

"इकडे बघा."

त्यांनी पाहिलं. पण नजर तिच्यावर टेकली नाही. ती तिच्यातून पलीकडे गेली, काचेतून रस्ता बघावा तशी. खोलीत घड्याळाची टिकटिक होती आणि बाबांचा श्वास होता, आणि त्या श्वासात बारीकशी घरघर, एखादी गाडी उभी असून इंजिन चालू असावं तशी.

एक गोष्ट तिने कधीच करून पाहिली नव्हती. का पाहिली नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"बाबा," ती म्हणाली. "बोला."

बाबांचं तोंड उघडलं. ओठ सुटे झाले, जीभ वर टाळूला लागली. छाती भरून आली. शब्द अगदी दारात उभा होता.

"राहू द्या," ती म्हणाली.

तोंड मिटलं.

ती उठली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बराच वेळ बसली. पाण्याच्या आवाजातही तिला ऐकू येत राहिलं ते मिटणारं तोंड. आवाज झालाच नव्हता, तरी.

७

शेवटचं जे घडलं ते लख्ख उन्हात घडलं. नव्या वस्तीतल्या कोणाच्या तरी खिडक्या मोजायच्या होत्या. पत्ता तिने स्वतः तपासून लावला होता. फोनवर पुन्हा ती पहिली बाई आली होती. कोणी निवडली, हे विचारायचंही तिने सोडून दिलं होतं.

बाई त्या दिवशी एकही खूण सांगेना. "उजवीकडे," एवढंच. "सरळ. सरळ." ते ऐकत ऐकत ती कुठे आली हे तिला चौक ओलांडल्यावर कळलं. त्याच दिवशीचा चौक. त्यापुढे तोच लांबलचक सरळ रस्ता.

दोन्ही बाजूंना माणसाच्या कमरेएवढं वाळलेलं गवत. घर नाही, दुकान नाही, समोरून गाडी नाही. वारा पडलेला.

"तुम्ही पोहोचला आहात," बाई म्हणाली.

तिने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं.

समोर, रस्त्याच्या कडेने, कोणीतरी चाललं होतं. पाठमोरं. एक खांदा पडलेला. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट, जो बाबा सापडले त्या संध्याकाळी सासूबाईंनी धुवायला टाकला होता आणि जो आज सकाळीच तिने घडी केलेला कपाटात पाहिला होता.

कोणीही असेल. निळा शर्ट काय, कोणाकडेही असतो. खांदा कोणाचाही पडतो. ती हे सगळं नीट, क्रमाने मनाशी बोलली. आणि बोलता बोलता तिला दिसलं की तो माणूस चालतोय, पण लांब जात नाहीये. टाच उचलली जाते, टेकते, दुसरी उचलली जाते. रस्ता त्याच्या पायाखालून सरकतच नव्हता.

फोन वाजला. नवरा.

"अगं, ऐक. कुरिअरवाला आला म्हणून मी दार उघडलं, तेवढ्यात बाबा आपले आपण उठले. बोळकंडीत भिंतीला लागून चाललेत. म्हणजे जागच्या जागी चाललेत. स्पीकरवर टाकतो, तू जरा सांग त्यांना."

समोरची टाच उचलली गेली. फोनमधून सपातेचा आवाज आला. समोरची टाच टेकली. दुसरा आवाज.

"ऐकतेयस ना?"

"हो," ती म्हणाली. मनात एक गोष्ट मात्र स्वच्छ होती, गेल्या कित्येक दिवसांत नव्हती इतकी. तिला त्यांना न्यायचं होतं. दार उघडायचं होतं, शेजारची जागा झटकायची होती आणि "बसा ना बाबा" म्हणायचं होतं. तेवढ्यासाठीच तर तिला इथवर आणलं होतं. पुढचं काय व्हायचं ते होवो.

"बाबा," ती फोनमध्ये म्हणाली. "थांबा."

समोरचा माणूस थांबला.

"थांबले," नवरा म्हणाला.

"बाबा, मागे वळा."

तो वळायला लागला. अख्खाच्या अख्खा, छोट्या छोट्या पावलांनी. आधी पडलेला खांदा दिसला. मग कान, चष्म्याची काडी, पांढऱ्या खुंटांच्या गालाची कड.

"वळतायत," नवऱ्याचा आवाज चढला. "अगं, तोंड हलतंय त्यांचं! काहीतरी बोलायला बघतायत! आई, लवकर ये, बाबा बोलतायत!"

सासूबाईंची पावलं धावत आलेली ऐकू आली. "अहो! बोला, बोला हो. काय झालं होतं? सांगा मला. कोणी काय केलं तुम्हाला?"

समोर गालाच्या कडेशी ओठांचं टोक दिसत होतं. ते हलत होतं. अजून एक पाऊल वळलं असतं की पूर्ण चेहरा तिच्याकडे आला असता, आणि त्या घरात, स्पीकरवर, सगळ्यांच्या देखत—

"सरळ," कोणीतरी म्हणालं. "बाबा, सरळ जा."

आवाज शांत होता, गोड होता. बाईचाच असावा असं तिला वाटलं, किंवा वाटावंसं वाटलं. पण ओठ तिचे हलले होते.

अर्धवट वळलेला माणूस होता तसाच पुढे निघाला. तोंड गवताकडे होतं, म्हणून गवतात. गवत कोरडं होतं, तरी सळसळलं नाही.

"अगं, काय सांगतेस हे!" नवरा ओरडला. "दाराकडे तोंड होतं त्यांचं. निघाले! जिना उतरतायत. बाबा! बाबा, थांबा! माझं ऐकत नाहीयेत, तूच सांग, थांबा म्हण त्यांना, पटकन!" जिन्यावर सपाता वाजत होत्या, संथ, एकसारख्या. त्यांच्यामागे सासूबाईंचा हंबरडा. "हॅलो! तू आहेस कुठे?"

निळा शर्ट कमरेपर्यंत बुडाला, मग खांद्यांपर्यंत. आधी पडलेला खांदा गेला, मग दुसरा. एक शब्द पुरेसा होता. तिने तोंड उघडलं. पुढे रस्ता रिकामा होता, मागेही रिकामा.

"ट्रॅफिकमध्ये अडकलेय," ती म्हणाली. "तुझा आवाज येत नाहीये नीट."